अंजनेरीची तीन दुकानं



कार्तिकातली अष्टाह्निका संपली, माताजींचा विहार सुरू झाला आणि आम्हीही चातुर्मासभर मनात राखलेलं एक जाणं उरकून घेतलं. अंजनेरी. नाशिकहून त्र्यंबकच्या रस्त्याला साधारण वीस किलोमीटरवर डाव्या हाताला जो थोरला डोंगर दिसतो, तो. हनुमानाचं जन्मस्थान म्हणून सगळ्यांना माहीत. ट्रेकवाल्या पोरापोरींना त्याच्या माथ्यावरच्या तळ्यासाठी आणि गर्द झाडीतल्या वाटेसाठी माहीत. श्रावणात तर तिथे जत्राच असते. पण पावसाळ्यात आपण कशाला जायचं? प्रत्येक पायरीवर शेवाळ, गोगलगाई, गांडुळं, पायाखाली काय काय चिरडतं ते बघवत नाही. म्हणून मार्गशीर्षापर्यंत थांबलो. मी, माझी नणंद आणि माझी धाकटी. वन्संना गुडघ्याचा त्रास, त्यामुळे निघण्याआधी घरात चर्चा झालीच. "वहिनी, मी खाली बसून राहीन, तुम्ही जाऊन या," असं त्या म्हणत होत्या. शेवटी तळ्यापर्यंत सगळ्यात पुढे त्याच होत्या, हे आधीच सांगून टाकते.

डोंगर चढायच्या आधी मात्र खालच्या गावात थांबायचं, असं मी पहिल्यापासून ठरवलं होतं. वर जाणाऱ्यांपैकी फार थोडी माणसं तिथे थांबतात. अंजनेरी गावाच्या शिवारात जुन्या दगडी देवळांचा एक समूह आहे, सोळा देवळांचा, पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणातला. काही उभी, काही अर्धी, काहींचे नुसते चौथरे. यादवकाळातली ही कामं. यातली काही देवळं शिवाची, विष्णूची आणि काही आपली. एकाच आवारात, एकाच धाटणीची, बहुधा एकाच पाथरवटांच्या हातची. दगडात घडवलेली चौकट बघून कुठलं देऊळ कुणाचं ते चटकन कळतही नाही. मूर्ती बघावी लागते, ललाटबिंबावर कोण बसलंय ते बघावं लागतं.

या देवळांपैकी एका जिनमंदिरात संस्कृत शिलालेख आहे. त्याचं साल शके १०६३, म्हणजे इसवी सन ११४२ च्या आसपास. पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो वाचला आणि १८८३ साली छापला. तेव्हापासून यादवांच्या इतिहासाची पुस्तकं लिहिणारे सगळे त्याचा उल्लेख करतात, पण एका ओळीत. सेउणदेव नावाच्या यादव राजाचा लेख, एवढंच सांगून पुढे जातात. कारण त्यांना वंशावळ हवी असते. कोण कुणाचा मुलगा, कोण कुठे राज्य करत होता. मला मात्र त्या लेखात दिलंय काय, ते वाचून गंमत वाटली होती आणि गेलं वर्षभर ते डोक्यातून गेलेलं नाही.

दिलीत दुकानं. तीन दुकानं. आठवे तीर्थंकर चंद्रप्रभ भगवंतांच्या मंदिरासाठी सेउणदेवानं गावातली तीन दुकानं दिली. आणि त्याच्यामागोमाग वत्सराज नावाच्या एका धनिक व्यापाऱ्यानं, लाहड आणि दशरथ या दोघांसह, आणखी एक दुकान आणि एक घर दिलं. म्हणजे एकूण चार दुकानं आणि एक घर.

आता राजा म्हटलं की आपल्याला काय आठवतं? सुवर्णकलश, हत्तीवरून मिरवणूक, शेकडो गावांची सनद. आपल्या पुराणांत तर चक्रवर्तीच असतात. आणि इथे एक राजा, खरं तर यादवांच्या एखाद्या धाकट्या शाखेतला मांडलिकच म्हणायचा, बाजारातले तीन गाळे लिहून देतोय. तेव्हा देवगिरी अजून राजधानी झालेली नव्हती. ती पुढच्या पिढ्यांची गोष्ट, भिल्लम पाचव्याच्या काळातली. या बाजूला यादवांचा जोर होता तो सिन्नरच्या आणि चांदवडच्या परिसरात. अशा वेळी अंजनेरीत बाजार होता आणि तो इतका चालत होता की तिथल्या तीन दुकानांच्या उत्पन्नावर एका मंदिराचा खर्च भागेल असा हिशेब कुणी तरी केला होता.

हिशेब करणारं माणूस घर चालवणारं असणार, असं मला उगीच वाटतं. कारण सोनं दिलं तर ते एकदा दिलं, संपलं. मूर्तीवर चढतं, चोरीला जातं, वितळतं. दुकान दिलं तर ते दर महिन्याला देतं. मंदिराला रोज लागतं तरी काय? अभिषेकाचं पाणी, दूध, चंदन, अक्षता, दिव्याचं तेल, पुजाऱ्याच्या घरची चूल. काहीही थोर नाही. पण रोज लागतं, नागा न होता. हे गणित आपल्या सगळ्यांच्या डब्यांत आणि वहीत असतं. सणाची पुरणपोळी कुणीही करेल, रोजची भाकरी कोण थापतं ते बघायचं.

हे मला इतकं लागलं त्याचं कारणही सांगते. माझ्या माहेरच्या मंदिराची दोन दुकानं आहेत. माझ्या पणजोबांच्या पिढीत कुणी तरी दिलेली. एकात किराणा, दुसऱ्यात शिवणाचं सामान. भाडं अगदी जुनं, कुणी वाढवलं नाही, कारण भाडेकरूही गावातलेच, रोज तोंड बघायचं. गेल्या वर्षी सभा झाली आणि विषय निघाला, की दुकानं विकून टाकू, चांगली रक्कम येईल, शिखराला नवा रंग आणि समोर मोठी संगमरवरी कमान करू. आम्ही बायका मागे सतरंजीवर. विचारलं कुणी नाही. माझी काकू, जी चाळीस वर्षं रोज सकाळी मंदिरात गंध उगाळते, तिनं फक्त माझ्या कानात विचारलं, "मग तेलाचं काय गं?" निर्णय काही झाला नाही, पुढच्या सभेवर गेला. मी घरी आले आणि कपाटातून अंजनेरीवरचं टिपण काढलं.

असो. सकाळी सातला गावातून निघालो. पहिला टप्पा वनखात्याच्या कच्च्या रस्त्याचा. दोन्ही बाजूंना झाडी, उन्हाच्या तिरिपी, वाटेत माकडं. डबा पिशवीत दिसेल असा धरू नका, एवढं लक्षात ठेवा. मग पायऱ्या लागतात. वाट अवघड म्हणावी अशी नाही, पण सोपीही नाही. कातळात खोदलेल्या आणि दगड रचून केलेल्या पायऱ्या, काही गुडघ्याएवढ्या उंच, काही निखळलेल्या, आणि दोन कड्यांच्या मधल्या घळीतून वर जाणारा चढ. घाम निघतो. पाणी घरूनच गाळून, उकळून न्या. वर मिळेल या भरवशावर राहू नका.

पायऱ्या चढताना दर वळणावर धाकटीला एकेक तुकडा सांगत गेले, म्हणजे तिचं "अजून किती राहिलं" थांबेल. तेच तुम्हालाही सांगते. कारण चंद्रप्रभांचं मंदिर बांधायच्या चारशे वर्षं आधीची एक गोष्ट याच डोंगराच्या पायथ्याशी सापडलेली आहे.

अंजनेरीला ताम्रपटांचे दोन संच मिळाले. ते वाचले आपल्या नागपूरच्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी. पहिल्यावर साल आहे कलचुरी संवत ४६१, म्हणजे इसवी सन ७१०-११. देणारा भोगशक्ती, हरिश्चंद्र वंशातला, बदामीच्या चालुक्यांचा मांडलिक. कोकण आणि नाशिककडचा हा घाटमाथा त्याच्या ताब्यात. त्यानं जयपूर नावाच्या ठिकाणच्या नारायणाच्या देवळाला आठ गावं दिली आणि कारभार बघायला कुणाला नेमलं? तिथल्या व्यापाऱ्यांना. पाच-दहा जणांनी पाळीपाळीनं बघायचं. म्हणजे आजची विश्वस्त मंडळं बघा, बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीही तीच पद्धत. (तेव्हाही सभेत कमानीवरून वाद झाले असतील का, असं वन्सं म्हणाल्या.)

दुसरा ताम्रपट जास्त मोलाचा. समगिरीपट्टण नावाचं एक गाव आधी उजाड झालं होतं. ते भोगशक्तीनं पुन्हा वसवलं आणि व्यापाऱ्यांच्या हवाली केलं. उजाड गावात माणसं परत आणायची तर त्यांना काही द्यावं लागतं. त्यानं काय दिलं बघा. त्यांना जकात नाही. सरकारी माणसं आली तर त्यांच्या राहण्याजेवणाचा भार गावावर नाही. आणि निपुत्रिक माणूस मेला तर त्याची मालमत्ता राजा जप्त करणार नाही.

हे शेवटचं कलम वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरळ बसले. कारण ही गोष्ट आपल्याला ठाऊक आहे, पण दुसऱ्याच नावानं. गुजरातच्या कुमारपाळ राजाची. मुलगा नसलेला माणूस वारला की त्याचं धन राजाच्या खजिन्यात जायचं, आणि घरात मागे राहिलेली बाई दोन्ही गोष्टींसाठी रडायची. त्याला रडणारीचं धन असंच नाव पडलं होतं, रुदतीवित्त. हेमचंद्राचार्यांच्या सहवासात कुमारपाळानं ते घेणं सोडलं, ही त्याची मोठी कीर्ती. कुमारपाळ गादीवर आला तो ११४३ च्या सुमारास, म्हणजे अंजनेरीच्या शिलालेखाच्या अगदी आगेमागे. पण त्याच्या चारशे वर्षं आधी या सह्याद्रीच्या कुशीत एका छोट्या मांडलिक राजानं, एका गावापुरतं का होईना, तेच लिहून दिलं होतं. धर्मोपदेशामुळे असं तिथे लिहिलेलं नाही. व्यापारी नांदावेत म्हणून. पण घरात मागे राहिलेल्या बाईला त्यानं काय फरक पडणार? तिचं दुकान तिच्याकडे राहिलं, एवढं खरं.

त्याच ताम्रपटात दंडही लिहून ठेवलेत, गावातल्या गुन्ह्यांचे. कुमारिकेवर अत्याचार केला तर १०८ रूपके. कान तोडला तर १६. डोक्याला मार लागला तर ४. आणि एक कलम असं, की व्यापाऱ्याच्या मुलानं ओझी वाहणाऱ्या बाईशी दुर्वर्तन केल्याचं सापडलं तर त्यालाही १०८. रूपके म्हणजे चांदीची छोटी नाणी. दंड भरून सुटता यायचं, हे आज वाचून पोटात ढवळतं, ते ढवळायलाच हवं. पण मला त्यात एक दिसलं. कुणी तरी त्या ओझी वाहणाऱ्या बाईचा विचार केला होता. घाटातून माल वर चढायचा तो बैलांच्या आणि माणसांच्या पाठीवरून. त्यात बायका होत्या, आणि शेठच्या मुलापुढे त्यांचं काय चालणार हे लिहिणाऱ्याला माहीत होतं. तिच्यासाठीचा आकडा आणि कुमारिकेसाठीचा आकडा एकच आहे. आणि या दंडांपलीकडे काही प्रश्न आला तर गावातल्या आठ किंवा सोळा ज्येष्ठांनी बसून विचार करून ठरवावं, तेच प्रमाण.

ते व्यापारी जैन होते, असं ताम्रपट म्हणत नाही, आणि मीही म्हणणार नाही. आपल्याकडे ही एक खोड आहे. कुठे व्यापारी दिसला की आपला, पद्मासनातली मूर्ती दिसली की आपली. त्यानं खऱ्या गोष्टींचंही वजन कमी होतं. पण नाशिकहून त्र्यंबककडे आणि तिथून जव्हारच्या अंगानं कोकणात उतरणारी ही वाट व्यापाराची होती. वाटेवरचं गाव व्यापाऱ्यांनी वसवलं, आणि चारशे वर्षांनी त्याच परिसरातल्या बाजारात चंद्रप्रभांच्या नावानं दुकानं होती. एवढं दगड आणि तांबं मिळून नक्की सांगतात.

पायऱ्यांच्या वाटेवरच एक लेणं आहे. गडबडीत चढलात तर चुकेल. दम खायला माणसं त्याच्या आसपास बसतात, चिप्सची पाकिटं फोडतात, पण आत डोकावत नाहीत. हे जैन लेणं. दगडात कोरलेला दरवाजा आणि पार्श्वनाथ भगवंत, मस्तकावरच्या नागफण्यांवरून ओळखू येणारे. लहान आहे. वेरूळ बघून आलेल्याला काहीच वाटणार नाही. पण खालच्या उन्हातून, धापा टाकत तिथे पोचल्यावर आतला गारवा अंगाला लागतो आणि आपोआप आवाज खाली येतो. आम्ही चपला बाहेर काढल्या, णमोकार म्हटला. धाकटीनं विचारलं, "आई, इथे रोज अभिषेक का नाही करत?"

मी म्हटलं, "दुकानं राहिली नाहीत ना."

तिला ते कळलं की नाही माहीत नाही. वन्संना कळलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या काकूंना फोन लावा घरी गेल्यावर."

तिथे बसलेल्या एका सद्गृहस्थांनी आम्ही जैन आहोत हे ओळखून आपणहून विषय काढला, की इथे आपली जाळी बसवायला पाहिजे, फलक लावायला पाहिजे, रंग देऊन नीट करायला पाहिजे. त्यांचा हेतू चांगलाच होता. पण जुन्या मूर्तीला तैलरंग फासलेला बघितला की माझ्या अंगावर काटा येतो. नाशिक जिल्ह्यातलीच आपली ठिकाणं आठवून बघा. रंगाखाली, सिमेंटखाली, चकचकीत टाइलखाली किती कोरीव काम गेलं. लेणं आहे तसं राहू दे, फक्त आत कचरा नको. आणि येणाऱ्याला ते काय आहे हे सांगणारं कुणी असावं. फलकापेक्षा मला ते बरं वाटतं.

घळ संपली की एकदम पठार. तोवर डोळ्यांसमोर नुसत्या पायऱ्या असतात आणि मग अचानक आकाशच आकाश. पठारावर चालत गेलं की अंजनीमातेचं मंदिर आणि पुढे ते तळं. आकार पावलासारखा, म्हणून बालहनुमानानं सूर्याकडे झेप घेताना पाय रोवला तिथे ते झालं, अशी श्रद्धा. मार्गशीर्षात पाणी शांत होतं, कडेला पिवळं गवत, पलीकडे वरच्या कड्याची सावली पाण्यात. आपल्या पद्मपुराणातही हनुमान आहेत. आपल्याकडे ते विद्याधर वंशातले, त्याच भवात मोक्षाला गेलेले, आणि अंजनासतीची कथा तर आपल्या आज्या सांगत आल्या आहेत. नवऱ्यानं टाकलेली, सासूनं गर्भारपणी घराबाहेर काढलेली, माहेरानंही दार न उघडलेली अंजना, आणि जंगलातल्या गुहेत तिला झालेला मुलगा. अंजनीमातेच्या मंदिरात हात जोडताना मला ती अंजना आठवली. पायऱ्यांवरून चढून आलेल्या, डोक्यावर पदर घेतलेल्या त्या गावाकडच्या बायकांना विचारलं असतं, तर त्यांनी कथा थोडी वेगळी सांगितली असती. सासूचा भाग बहुधा सारखा निघाला असता.

तळ्याकाठी बसून आम्ही घरून आणलेलं पाणी प्यालो. माझी आजी विहिरीचं पाणी गाळायची तेव्हा गाळणं उलटं करून, पाणी घालून ते धुवायची आणि ते धुतलेलं पाणी पुन्हा त्याच विहिरीत सोडायची. जिथले जीव तिथे. दुसऱ्या विहिरीत नाही, अंगणात तर नाहीच. धाकटीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग खालच्या मंदिरासाठी इथलं पाणी नेलं असेल तर परत एवढं चढून यायचं?" खाली गावात विहिरी, बारवा असणारच, अभिषेकाचं पाणी कुणी इथून नेलं नसणार. पण तिचा प्रश्न मला आवडला. म्हणून लिहून ठेवला.

या पठारावर पुढेही माणसं आली. पेशवाईत राघोबादादांना उन्हाळ्यात ही हवा आवडायची. त्यांच्यानंतर इंग्रज साहेबही नाशिकचा एप्रिल-मे चुकवायला इथे येऊन राहत. त्यांनी इथल्या हवेचं, सावलीचं कौतुक लिहून ठेवलंय. बाजार तोवर कधीच उठला होता.

तो कसा उठला? एखादी मोठी लढाई, एखादा हल्ला असं सांगता आलं असतं तर गोष्ट सोपी झाली असती. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला यादवांचं राज्य गेलं, दिल्लीच्या सुलतानांच्या हाती देवगिरी गेली, तेव्हा अशी पुष्कळ गावं बदलली. पण आपल्या माणसांच्या आठवणीत चंद्रप्रभ लगेच पुसले गेले नाहीत. जिनप्रभसूरी या श्वेतांबर आचार्यांनी भारतभरच्या तीर्थांचं वर्णन करणारा विविधतीर्थकल्प नावाचा ग्रंथ १३३२-३३ च्या सुमारास पुरा केला, म्हणजे यादवांचं राज्य गेल्यावर. त्यात नाशिकचा वेगळा कल्प आहे, आणि तिथले मूलनायक कोण? चंद्रप्रभस्वामीच. पांडवांच्या माता कुंतीनं त्या मंदिराचा जीर्णोद्धार केला अशी कथा त्यात येते. नाशिकचं ते चंद्रप्रभांचं मंदिर आज दाखवता येत नाही. अंजनेरीचं दाखवता येतं, निदान दगड तरी. या साऱ्या गोदावरीच्या उगमाकडच्या मुलखात आठव्या तीर्थंकरांची उपासना केवढी पसरली होती, हे दोन टोकं जोडली की दिसतं.

मला वाटतं अंजनेरीचं मंदिर कुणी पाडलं त्यापेक्षा दुकानं कधी बंद पडली हा प्रश्न जास्त खरा. माल दुसऱ्या घाटानं जायला लागला, व्यापारी नाशिकला किंवा आणखी पुढे गेले, गाळ्यांना भाडेकरू मिळेना. दिवा लागायचा थांबला तो एका दिवसात नसेल. आधी रोजचा, मग चतुर्दशीचा, मग पर्वाचा. आपल्या खेड्यापाड्यांतली मंदिरं आज अशीच बंद होत आहेत, हे तुम्ही बघताच आहात. मुलं पुण्याला, मुंबईला, परदेशात. मागे एखादी म्हातारी काकू गंध उगाळते.

तळ्याच्या पुढे आणखी एक चढ आहे, वर सीतागुहा आणि माथ्यावरचं मंदिर. तिथवर धाकटी आणि मी गेलो, वन्सं तळ्याकाठी जपमाळ घेऊन बसल्या. वरून कड्यावर घिरट्या घालणारी गिधाडं दिसली. लांब चोचीच्या गिधाडांची घरटी या कड्यांवर आहेत, आणि ती महाराष्ट्रात आता फार थोड्या ठिकाणी उरलीत. गुरांना दिलेल्या एका वेदनाशामक औषधानं ती पटापट मेली, हे तुम्ही वाचलं असेल. डायक्लोफेनॅक. मेलेलं गुरू खाल्लं की ते औषध त्यांच्या मूत्रपिंडात जायचं. याच डोंगराचं नाव मिळालेलं एक कंदीलपुष्पही आहे, पावसाळ्यात उगवणारं, कंदातून येणारं. आपण कंदमुळं खात नाही ते एका झाडात किती जीव म्हणून, आणि या जातीच्या फुलांचे कंद माणसं खणून खातात म्हणून ती संपत चालली आहेत. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध नाही, पण मला त्या एकत्र आठवल्या.

वर गाडीरस्ता करायचा, रोपवे करायचा, असे प्रस्ताव मध्यंतरी आले. निसर्ग जपणाऱ्यांनी विरोध केला, गिधाडांसाठी आणि या जंगलासाठी. वन्संसारख्यांना रोपवे सोयीचा, हे मला कळतं. त्यांनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "चढता येतंय तोवर चढायचं. नाही आलं तर खालच्या मंदिरात बसायचं, तेही आपलंच आहे की."

उतरताना पाय लटपटतात, पायऱ्या उंच असल्यामुळे. काठी न्या. आम्ही साडेचारला खाली आलो, हातपाय धुतले आणि सरळ देवळांच्या त्या आवारात गेलो. चौथऱ्यापासून बाजूला, कडेच्या झाडाखाली डबा उघडला. दशम्या, मेथीचं सुकं पिठलं, लिंबाचं लोणचं. सूर्य अजून चांगला हातभर वर होता. समोर रस्त्याला चहाच्या टपऱ्या, नारळ-फुलांची दुकानं, मारुतीच्या फोटोंची दुकानं, सगळी वर जाणाऱ्यांच्या जिवावर चाललेली. धाकटीनं जेवता जेवता मोजली. मग मला विचारलं, यातली तीन कुठली असतील.

मी काकूला फोन लावला. पुढची सभा पौषात आहे. दुकानांच्या भाड्याचा गेल्या दहा वर्षांचा हिशेब कुणाकडे आहे ते तिला विचारून ठेवायला सांगितलं. ती म्हणाली, "तो माझ्याकडेच आहे, वहीत. कुणी मागितला नाही म्हणून सांगितलं नाही."